यीस्टमध्ये शिरलेले एक जनुक

दिल्लीत जेएनयूच्या आवारालगत अरुणा असफ अली मार्गावर नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजी ही संस्था आहे. तिचे संस्थापक-संचालक डॉ. जी. पी. तलवार चार दशकांहून अधिक काळ एका लशीच्या मागे होते. ही लस कुठल्या रोगावरची नव्हे; गर्भ राहू नये म्हणून टोचायची. जिवाणूचे जनुक यीस्टमध्ये घालण्याच्या तंत्राचा दिल्लीतला इतिहास मला या लशीतून सांगावासा वाटतो. प्रयोगशाळेतली एक अडचण आणि प्रयोगशाळेबाहेरच्या बायकांचा एक प्रश्न त्यात शेजारी शेजारी वाढले. त्यांतली अडचण सुटली.

घरच्या घरी गरोदरपण तपासायच्या पट्टीवर ज्याच्यामुळे दुसरी रेघ उमटते ते संप्रेरक म्हणजे एचसीजी. गर्भधारणेच्या अगदी सुरुवातीला ते तयार होते आणि त्याच्या आधारावर गर्भ तगतो. त्याला निकामी करणारी प्रतिपिंडे रक्तात असली तर गर्भ रुजत नाही. पण आपले शरीर स्वतःच्याच संप्रेरकावर उलटत नाही. तलवार तेव्हा एम्समध्ये जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी एचसीजीचा बीटा हा भाग धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाला रसायनाने चिकटवला. परक्या विषाबरोबर आलेले आपलेही मग परके वाटू लागते. हे काम अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात १९७६ साली प्रसिद्ध झाले.

१९७६ हे साल वाचले की मी थबकतो. आणीबाणी चालू होती. एप्रिलमध्ये दिल्लीत तुर्कमान गेटपाशी गोळीबार झाला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तलवारांच्या प्रयोगशाळेचा या सक्तीशी संबंध नव्हता, आणि तो जोडणे अन्यायाचे होईल. पण सरकार कुटुंब कसे नियोजित करते हे पाहिलेल्या बाईने ‘गर्भ न राहण्याची लस’ हे शब्द कोणत्या कानांनी ऐकले असतील, याचाही विचार करायला हवा.

पुढची अठरा वर्षे लस सुधारण्यात गेली. एचसीजीच्या बीटा भागाला मेंढीच्या एका संप्रेरकाचा भाग जोडला गेला. धनुर्वाताबरोबर घटसर्पाचेही निर्विष वापरले गेले, कारण आपल्याकडे बायकांना गरोदरपणात धनुर्वाताची इंजेक्शने मिळालेली असतात आणि ओळखीच्या विषाशीच शरीर झुंजत बसले तर एचसीजीकडे त्याचे लक्ष जात नाही. १९९४ साली निकाल जाहीर झाला. एम्स, सफदरजंग आणि चंडीगडचे पीजीआय या इस्पितळांतल्या, आधी मुले झालेल्या १४८ स्त्रियांना लस टोचली होती. ११९ जणींच्या रक्तात प्रतिपिंडांची पातळी मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या वर गेली. पातळी त्या रेषेच्या वर असताना मोजलेल्या १२२४ पाळीचक्रांत एकच गर्भधारणा झाली. पातळी ३५च्या खाली उतरल्यावर पुन्हा दिवस जाऊ शकत होते.

निकाल चकित करणारा होता. एखादी लस गर्भ टाळू शकते आणि तिचा परिणाम ओसरतो, हे माणसांत पहिल्यांदाच सिद्ध झाले. पण उरलेल्या २९ जणींचे काय, हा प्रश्न त्या आकड्यांतच बसलेला आहे. शिवाय गोळी बाई आज बंद करू शकते, तांबी उद्या काढून घेऊ शकते. टोचलेली लस मात्र तिच्या मर्जीने उतरत नाही. दिल्लीच्या ‘सहेली’सारख्या संघटनांचा मुख्य आक्षेप हाच होता. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या संघटनांत ‘सहेली’ होती. १९९३ साली जगभरातल्या महिला गटांनी अशा लशींचे संशोधनच थांबवा, अशी हाक दिली. संशोधनच थांबवावे हे मला पटत नाही. आक्षेप मात्र बिनतोड वाटतो. पुढे मेक्सिको, फिलिपाइन्स आणि केनियात धनुर्वाताच्या साध्या लशीतच एचसीजी मिसळल्याची अफवा पसरली, तिचा या आक्षेपाशी गोंधळ करू नये. अफवेचा फटका नवजात बाळांना वाचवणाऱ्या लशीला बसला.

प्रयोगशाळेतली अडचण निराळी होती. दोन प्रथिने रसायनाने चिकटवली की कोणता रेणू कुठे चिकटेल याचा नेम नसतो. एक घाणा दुसऱ्यासारखा उतरत नाही. कारखान्यात असली लस चालत नाही. उपाय असा की प्रथिने चिकटवूच नयेत, त्यांची जनुकेच जोडावीत. धनुर्वाताच्या जागी निवड झाली ई. कोलायच्या एका विषाची. ई. कोलायच्या काही जाती जुलाब घडवतात, ते या विषामुळे. त्याचा ए हा भाग विषारी. बी हा भाग फक्त पेशीला चिकटतो, अपाय करत नाही, पण प्रतिकारशक्तीला जागे करतो. या बी भागाचे जनुक माणसाच्या एचसीजी-बीटाच्या जनुकाला जोडले.

मग हे जोडजनुक ई. कोलायमध्येच का वाढवू नये? एचसीजी-बीटा ही १४५ अमिनो आम्लांची साखळी आहे, तिला सहा ठिकाणी गंधकाचे टाके आहेत आणि वर साखरेच्या फांद्या. जिवाणूला अशा फांद्या लावता येत नाहीत, घडीही नीट जमत नाही. यीस्ट आपल्यासारखीच केंद्रक असलेली पेशी. तिला हे साधते. निवडलेले यीस्ट म्हणजे पिकिया पास्टोरिस. १९७०च्या दशकात एका अमेरिकन तेल कंपनीने ते मिथेनॉलवर वाढवून गुरांचा खुराक करायचे ठरवले होते; तेल महागले आणि बेत फसला. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने याच यीस्टमधून हेपटायटिस-बीची लस बाजारात आणली होती.

पिकियाबाबतची नेहमीची रीत अशी: प्लाझ्मिड म्हणजे डीएनएचे छोटे कडे. ते आधी ई. कोलायमध्ये वाढवतात, कारण तो रात्रीत भरपूर प्रती काढून देतो. मग कडे कापून सरळ करतात आणि विजेचा क्षणिक झटका देऊन यीस्टच्या पेशीत घुसवतात. दोन्ही टोके यीस्टच्या गुणसूत्रात आपल्यासारखा मजकूर शोधतात आणि तिथे बसतात. मिथेनॉल दिले की जनुक कामाला लागते. जिवाणूत वाढवलेला डीएनए यीस्टच्या गुणसूत्रात बसवण्याचे हे तंत्र १९७८ साली कॉर्नेलमध्ये हिनेन, हिक्स आणि फिंक यांनी साधले. १९८९ साली तर हाइनमन आणि स्प्रेग यांनी दाखवले की जिवाणू यीस्टला नुसते भिडूनही आपला डीएनए देऊ शकतो. माणसाचा वाटणारा हा शोध निसर्गाला नवा नव्हता.

पुरस्वानी आणि तलवार यांनी २०११ साली या जोडप्रथिनाच्या लशीचा निबंध प्रसिद्ध केला. तलवार तेव्हा दक्षिण दिल्लीतल्या नेब सराईत स्वतःच्या प्रतिष्ठानातून काम करत होते. उंदरांत भरपूर प्रतिपिंडे तयार झाली. आता प्रत्येक रेणूत दोन्ही प्रथिने ठरलेल्या जागीच जोडलेली होती, कारण ती जोड जनुकातच लिहिलेली होती.

टोचून घेणाऱ्या बाईची पातळी मात्र ५०वर आहे की ३५च्या खाली, हे तिला आतून कळायचा मार्ग नाही. १९९४च्या निबंधातल्या १४८ जणींची ती कळली, कारण त्या वेळोवेळी इस्पितळात येऊन रक्त देत होत्या.