मेंदूचा 'विशेषाधिकार': एका शब्दाने केलेला गोंधळ

मेंदूच्या प्रतिकारशक्तीवर काहीही वाचायला घ्या, सुरुवातीलाच एक वाक्य भेटतं: मेंदू हा 'इम्यून प्रिव्हिलेज्ड' अवयव आहे. म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणा तिथे फारशी फिरकत नाही. मग विषाणू मेंदूत शिरला तर त्याला अडवतं कोण? हा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर थोडं मागे जाऊया.

1923 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मर्फी आणि स्टर्म यांनी उंदराची गाठ रॅटच्या मेंदूत लावली. परक्या प्राण्याची गाठ, तरी ती तिथे वाढली. पण तिच्या शेजारी त्याच रॅटच्या प्लीहेचा तुकडा ठेवला, की वाढ थांबायची. 1948 मध्ये पीटर मेदावर यांनी एका सशाची त्वचा दुसऱ्या सशाच्या मेंदूत लावून पाहिली. नुसत्या मेंदूतल्या त्वचेमुळे प्रतिकार जागा होत नव्हता. पण त्याच दात्याची त्वचा आधी सशाच्या अंगावर लावली असेल, तर मेंदूतला तुकडाही नष्ट व्हायचा.

आता नीट बघा. मेंदूतून प्रतिकार सुरू होणं अवघड आहे, पण बाहेर तयार झालेला प्रतिकार तिथे पोचतो. निष्कर्षाचे हे दोन भाग होते. पुढे लोकांच्या लक्षात राहिला फक्त पहिला.

विषाणूंच्या बाबतीत दुसरा भागच कळीचा ठरला. 1991 मध्ये बेथ लेव्हिन, डायान ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांवर काम केलं. त्यांच्या मेंदूत सिंडबिस विषाणू ठाण मांडून बसायचा. बाहेरून अँटीबॉडी दिल्यावर न्यूरॉनमधला विषाणू आटोक्यात आला, आणि न्यूरॉन जिवंत राहिले! यकृतात संसर्ग झालेल्या पेशी मारणं शरीराला परवडतं, कारण नव्या पेशी तयार होतात. मेलेल्या न्यूरॉनची जागा सहसा भरून निघत नाही. म्हणून इथे लढाईही जपून लढावी लागते.

माणसातला पुरावा मात्र दुःखद होता. नॅटालिझुमॅब हे औषध टी पेशींना रक्तातून मेंदूत जाऊ देत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी त्याला अमेरिकेत नोव्हेंबर 2004 मध्ये मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी 2005 मध्ये विक्री थांबवावी लागली. बऱ्याच लोकांच्या शरीरात गुपचूप असणाऱ्या जेसी विषाणूने काही रुग्णांच्या मेंदूत जीवघेणा आजार निर्माण केला होता. पहारा उठवल्यावर कळलं, की तिथे पहारा होता. 2006 मध्ये औषध परत आलं, पण कडक देखरेखीच्या अटींसह.

तुम्ही संशोधनाची तयारी करताय, म्हणून एवढंच सांगते. रिव्ह्यू पेपरमधलं असं तयार वाक्य उचलण्याआधी मूळ पेपर काढून बघा. प्रयोग नेमका कशावर केला होता? आणि निष्कर्षातला कुठला भाग वाटेत गळून पडला? तुमच्या प्रबंधाचा प्रश्न कदाचित त्या गळलेल्या भागातच सापडेल.