चिंचवडची पंगत, पिंपरीचे कँटीन

इंग्लंडमधल्या जुन्या सराया वाटसरूच्या पैशावर चालत. टेम गावची ‘स्प्रेडईगल’ 1922 मध्ये जॉन फॉदरगिलने घेतली आणि तिथल्या जेवणासाठी लोक लांबून येऊ लागले. पुण्याच्या परिसरात अन्नासाठी असा लौकिक होता तो चिंचवडला, पण तिथे ताट विकले जात नसे. मोरया गोसावींच्या देवस्थानात अन्नछत्र होते. यावरून, आपल्याकडे अन्न विकत नसत, म्हणून आपला पाहुणचार श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढला जातो. मला तो मान्य नाही, कारण फुकटच्या ताटाचेही दाम कोणीतरी मोजतच होते. देवस्थानाला रयतेकडून बाजारभावापेक्षा कमी दराने माल घेण्याचा हक्क होता. त्यात कुणबी बुडतो हे पाहून शिवाजी महाराजांनी तो बंद केला आणि धान्य, मीठ सरकारातून देण्याची व्यवस्था लावली. धर्मकार्य थांबू न देता त्याचा भार शेतकऱ्याच्या खांद्यावरून उतरवणारा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. मात्र पंगतीत कोणी कुठे बसायचे हे जातच ठरवत राहिली. धान्य पिकवणाऱ्याला त्या ओळीत जागा नव्हती.

मग विकतच्या अन्नाने हा भेद मोडला, असे कोणी म्हणेल. पैसा जात विचारत नाही, हे ऐकायला बरे वाटते. पण गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळ्या कपबश्या होत्या आणि पैसे देऊनही त्या त्यांनाच विसळाव्या लागत. एका ओळीत बसून सर्वांनी जेवण्याची सक्ती दानातून आली नाही, तशी बाजारातूनही आली नाही. तिला मोठा आधार दिला कारखान्याने. 1948 च्या कारखाना कायद्यातल्या 46 व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कँटीन सक्तीचे करण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. तिथले पदार्थ ना नफा तत्त्वावर विकायचे, असे नियम झाले. पुढे 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि साठच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली. पाळी संपवून आलेल्या मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या माणसांना एकाच पातेल्यातली आमटी मिळू लागली. साहेबांची टेबले वेगळी असत, हा आक्षेप खरा आहे. पण तो भेद हुद्द्याचा होता, जन्माचा नव्हता, आणि त्याविरुद्ध युनियनला भांडता येत होते. आज चाकणच्या लहान वर्कशॉपांत कँटीन सक्तीचे व्हावे इतके कामगारच भरत नाहीत. तिथल्या कंत्राटी पोरांचे जेवण पुन्हा खानावळीच्या डब्यावर आले आहे, आणि तो डबा त्यांच्याच पगारातून येतो.