मुदपाकखान्यांतील बंधु लॉरेन्स

देवाचें नांव घ्यावयास फुरसत मिळत नाहीं, ही तक्रार आजच्या धकाधकीच्या काळांतच निघाली अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ख्रिस्ती मठांचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे प्रार्थनेलाच वाहिलेल्या त्या भिंतींच्या आंतहि हीच अडचण भेटते. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्टनें आपल्या मठवासीयांच्या दिवसाची जी आंखणी करून दिली, तींत दिवसां सात वेळां व रात्रीं एकदां प्रार्थनेसाठीं जमण्याचा नियम होता. घंटा झाली कीं हातांतलें काम टाकून उठावयाचें. व्यवस्था सुंदर खरी; पण मठांतहि माणसें जेवतात! पुढें मध्ययुगांत अनेक मठांनीं श्रमविभागानें ही अडचण सोडविली. लॅटिन जाणणारे बंधु मंदिरांत स्तोत्रें म्हणत. ज्यांना लॅटिन येत नसे ते सेवक-बंधु चूल, शेत व गोठा सांभाळीत, आणि स्तोत्रांच्या ऐवजीं प्रभूची प्रार्थना ठराविक वेळां म्हणून मोकळे होत. एकाचा देवासाठींचा वेळ दुसऱ्याच्या कष्टांतून निघावयाचा, असा हा हिशेब होता. देवघरांतील पूजा निर्वेध चालावी म्हणून स्वयंपाकघरांत कोण राबतें, हें आपल्याकडील वाचकांस निराळें सांगावयास नको.

अशाच एका सेवक-बंधूची हकीकत मला नेहमीं विचार करावयास लावते. निकोला एर्मां हा १६१४ च्या सुमारास लोरेन प्रांतांतील एका खेड्यांत जन्मला. अठराव्या वर्षीं, हिंवाळ्यांत, एक निष्पर्ण झाड पाहून कांहीं दिवसांनीं यालाच पानें फुटतील, फुलें येतील, फळें धरतील, असा विचार त्याच्या मनांत आला, आणि ईश्वराच्या सामर्थ्याची जी खूण पटली ती जन्मभर पुसली नाहीं. तीस वर्षांच्या युद्धांत तो शिपाई म्हणून लढला व जखमी झाला. नंतर एका खजिनदाराकडे हुजऱ्याची नोकरी केली. तेथें आपण धांदरट होतों व हात लावूं तें फोडीत असूं, असें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. १६४० सालीं तो पॅरिसच्या वोजिरार रस्त्यावरील कार्मेलाइट मठांत दाखल झाला, आणि लॉरेन्स हें नांव घेतलेल्या या माणसाला मठानें पाठविलें तें मुदपाकखान्यांत. त्या कामाचा त्याला मनापासून तिटकारा होता. तेथें त्याचीं सुमारें पंधरा वर्षें गेलीं.

त्यानें केलें तें दिसावयास साधें होतें. काम हातीं घेतांना देवाशीं दोन शब्द बोलावयाचे, काम चालू असतां तें संभाषण तुटूं द्यावयाचें नाहीं, चुकलें तर कबूल करून, फार खंत न करितां, पुन्हां तेथूनच आरंभ करावयाचा. कढईंतलें ऑम्लेट उलटणें किंवा जमिनीवरची काडी उचलणें हेंहि तो देवाच्या प्रीतीखातर करी. चार जण चार दिशांनीं हांका मारीत असतांहि आपलें चित्त मंदिरांतल्याइतकेंच स्थिर असतें, अशा अर्थाचें त्याचें सांगणें आहे. जनाबाईचें जातें वाचकांना येथें आठवेल.

मात्र या कथेचा एक सोईस्कर अर्थ लावला जातो, तो मला मान्य नाहीं. काम हीच पूजा. तेव्हां निराळी पूजा कशाला, असें म्हणून आम्ही उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे किंवा कचेरीच्या कागदांकडे समाधानानें वळतों. लॉरेन्सनें वेळ वांचविला नव्हता. मठांतील नेमलेल्या प्रार्थनेला तो जात असे, जरी त्या वेळांत आणि इतर वेळांत त्याला भेद वाटेनासा झाला होता. शिवाय ही स्थिति येण्यापूर्वीं जवळ जवळ दहा वर्षें त्यानें मोठ्या मानसिक यातना सोसल्या. आपण त्याज्य आहोंत अशी भीति त्याला ग्रासून असे. प्रचारकांच्या पुस्तिकांतून हीं दहा वर्षें बहुधा एका ओळींत आटोपतात.

हें सारें आपणांस ठाऊक आहे तें जोसेफ द बोफोर या धर्माधिकाऱ्यामुळें. ३ ऑगस्ट १६६६ रोजीं तो प्रथम लॉरेन्सला भेटला, व अशा चार भेटींचीं टिपणें त्यानें ठेविलीं. त्यांत एक प्रसंग आहे. मठासाठीं मद्य खरेदी करावयास लॉरेन्सला बर्गंडीस धाडलें होतें. त्याला व्यवहारांत गति नाहीं, पाय लंगडा. नावेंत एका जागेहून दुसरीकडे जावयाचें तर पिंपांवरून लोळत जावें लागे. तरी काम देवाचें आहे असें म्हणून तो गेला, आणि सौदा चांगला झाला! पंडितांच्या ग्रंथांत असा तपशील सहसा मिळत नाहीं, म्हणूनच बोफोरच्या टिपणांवर माझा विश्वास बसतो.

१२ फेब्रुवारी १६९१ रोजीं लॉरेन्स वारला. बोफोरनें त्याचीं वचनें व पत्रें १६९२ सालीं, आणि संभाषणें १६९४ सालीं छापलीं. पण दैव विचित्र! फेनेलाँ या विद्वान् बिशपानें निष्काम भक्तीच्या वादांत या स्वयंपाक्याचा दाखला दिला; १६९९ सालीं पोपनें फेनेलाँच्या ग्रंथांतील मतांचा निषेध केला, आणि त्या वादाची सावली लॉरेन्सच्या पुस्तकावरहि पडून फ्रान्समधील कॅथलिकांत तें मागें पडलें. त्याला आसरा मिळाला इंग्लंडांतील प्रॉटेस्टंटांकडे; जॉन वेस्लेनें आपल्या ग्रंथमालेंत त्याचा समावेश केला.

उतारवयांत पाय फार दुखूं लागल्यावर मठानें लॉरेन्सला चुलीवरून हलवून चपला दुरुस्त करण्याच्या कामावर बसविलें. तें बसून करावयाचें काम होतें. तरीहि गर्दीच्या दिवशीं तो हात देण्यासाठीं पुन्हां मुदपाकखान्यांत जात असे.