लंडन–सिडनी हवाई मार्ग

ग्रेट ब्रिटन व ऑस्ट्रेलिया यांना जोडणारा एक अतिदीर्घ हवाई मार्ग. ‘कांगारू मार्ग’ या नावानेही तो ओळखला जातो. बृहद्वर्तुळाने मोजल्यास या दोन शहरांतील अंतर सु. १७,००० किमी. भरते. अंतर तेच असले, तरी प्रवासाचा काळ मात्र सतत घटत गेला. आणि ही घट विमानांच्या वेगाइतकीच वाटेतील थांबे कमी झाल्यामुळे घडून आली.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियन शासनाने इंग्लंडहून ३० दिवसांच्या आत विमानाने स्वदेशी पोहोचणाऱ्या ऑस्ट्रेलियन वैमानिकांसाठी १०,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. रॉस व कीथ स्मिथ हे बंधू दोन यंत्रज्ञांसह १२ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनजवळील हाउन्स्लो येथून निघून १० डिसेंबर रोजी डार्विनला उतरले. यांपैकी प्रत्यक्ष उड्डाणाचा काळ सु. १३५ तासांचा, म्हणजे सहा दिवसांहूनही कमी होता. सुराबाया येथे विमान चिखलात रुतले, तेव्हा स्थानिक लोकांच्या घरांतील बांबूच्या चटया अंथरून धावपट्टी करावी लागली. स्पर्धेतील इतर चार जणांना प्राणांस मुकावे लागले. विशेष म्हणजे, इंजिनातील बिघाडामुळे स्मिथ बंधूंना डार्विनहून सिडनीस पोहोचण्यास पुढे आणखी दोन महिने लागले.

इंपीरियल एअरवेज व क्वान्टस एम्पायर एअरवेज यांनी १९३५ मध्ये ब्रिस्बेन–लंडन अशी प्रवासी सेवा सुरू केली. तीस सु. साडेबारा दिवस लागत व यूरोपातील काही टप्पा आगगाडीने काटावा लागे. कराची, अलाहाबाद व कलकत्ता हे तीमधील महत्त्वाचे थांबे होते. सिंगापूर १९४२ मध्ये जपानच्या हाती पडल्यामुळे हा मार्ग खंडित झाला. त्यावर उपाय म्हणून १९४३ पासून पर्थ व श्रीलंकेतील कोग्गला यांदरम्यान कॅटलिना जलविमाने हिंदी महासागर विनाथांबा ओलांडू लागली. एका खेपेत फार तर तीन प्रवासी नेता येत. सु. ५,६५० किमी. अंतरास २७ ते ३३ तास लागत. त्यामुळे प्रवाशांना एकाच उड्डाणात दोनदा सूर्योदय दिसे.

क्वान्टसच्या कॉन्स्टेलेशन विमानाने १ डिसेंबर १९४७ रोजी सिडनी सोडले, तेव्हा २९ प्रवाशांसाठी ११ कर्मचारी होते. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो व ट्रिपोली या थांब्यांसह प्रवास चार दिवसांत पूर्ण झाला. १९५९ मध्ये जेट विमाने या मार्गावर आली. त्यानंतर विमानांचा वेग फारसा वाढला नाही; वाढला तो एका दमात गाठावयाचा पल्ला.

ऑगस्ट १९८९ मध्ये एक बोइंग ७४७–४०० विमान सर्वसाधारण प्रवासी न घेता लंडनहून सिडनीस विनाथांबा २० तास ९ मिनिटांत पोहोचले. नोव्हेंबर २०१९ मधील बोइंग ७८७ च्या चाचणी-उड्डाणास १९ तास १९ मिनिटे लागली. तीस वर्षांत वाचली ती अवघी ५० मिनिटे! मार्च २०१८ मध्ये सुरू झालेल्या पर्थ–लंडन (सु. १४,५०० किमी.) या विनाथांबा सेवेस सु. १७ तास लागत. परतीच्या पूर्वगामी प्रवासास मात्र पश्चिमेकडून वाहणाऱ्या उच्च वातावरणातील वाऱ्यांमुळे त्याहून थोडा कमी वेळ पुरे.