कागदी पट्टीची बाटली

ज्या घरात आजी-आजोबा आहेत, तिथे सणासुदीच्या गप्पांत कधीतरी ‘मिक्श्चर’ निघतेच. दवाखान्यात जाताना रिकामी बाटली घरूनच धुऊन न्यायची. कंपाउंडर ती घेई, औषध भरी आणि खाचा पाडलेली पांढऱ्या कागदाची पट्टी बाटलीवर चिकटवून देई. एक खाच म्हणजे एक डोस. निरक्षर माणसालाही तो कळे. बाटलीत नुसते रंगीत पाणी असते, हा प्रवादही तितकाच जुना!

पण त्या फडताळाआड किती जोखीम होती, हे रोग्याला ठाऊक नसे. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लॅटिनचे संक्षेप असत, ‘टी. डी. एस.’ म्हणजे दिवसातून तीनदा घ्यावे. वजने ग्रेन, ड्राम, औंसाची : ६० ग्रेनांचा एक ड्राम, ८ ड्रामांचा एक औंस. ड्रामची खूण आपल्या ३ या आकड्यासारखी दिसे आणि औंसाचीही तशीच, फक्त वर एक फाटा अधिक. असलेला फाटा नजरेतून निसटला तर औषध अष्टमांश. नसलेला दिसला तर आठपट. आणि हे वाचायला पुष्कळसे कंपाउंडर शिकत ते दुसऱ्या कंपाउंडरच्या हाताखाली, बाटल्या विसळता विसळता.

युरोपात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकातच सिसिलीच्या राज्यात वैद्य आणि औषधविक्या यांचे धंदे कायद्याने वेगळे केले होते. लिहिणारा हात एक, देणारा दुसरा. आपल्याकडे हा प्रश्न सरकारदरबारी नीट मांडला गेला तो भेसळीच्या निमित्ताने. बाजारातल्या क्विनीनसारख्या औषधांचा कस खोटा निघू लागला, तेव्हा १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. औषध तपासायचे, तर ते देणाऱ्याचे शिक्षणही पाहिले पाहिजे, हे तिने ओळखले. तिच्या अहवालामागून, पण फार सावकाश, १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला.

कायद्याची वाट न पाहता महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९३२ सालीच औषधी रसायनाचे शिक्षण सुरू केले होते. १९३७ मध्ये तिथे बी. फार्म.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला.

१९४८ च्या कायद्याने जुन्या कंपाउंडरांना मात्र रस्त्यावर टाकले नाही. पाच वर्षे औषधे बनवल्याचा अनुभव असेल, तर पहिल्या नोंदवहीत त्यांनाही जागा होती. मला हे शहाणपणाचे वाटते. नाहीतर दवाखाने चालवले कोणी असते?

आज बारावी विज्ञानानंतर दोन वर्षांची पदविका आणि ५०० तासांचे प्रत्यक्ष काम केल्यावाचून नोंदणी होत नाही. पण मिक्श्चर गेले, कारखान्याची पाकिटे आली, आणि पाकीट उचलून द्यायला शिक्षण कशाला, असे दुकानदारालाच वाटू लागले. मग भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि गल्ल्यापुढे मुलगा भलताच, असेही दिसते. आजोबा दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या पुढे करतात. एकीवर रक्त पातळ ठेवणारी गोळी, दुसरीवर गुडघेदुखीची. दोन्ही एकत्र गेल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका. शिकलेला फार्मासिस्ट तिथे असेल, तर पाकिटाला हात घालण्याआधी विचारतो, “आजोबा, या दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या सांगितल्यात का?”