बसलेल्या गड्याचे बळ



इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, लढाया आणि तहनामे आठवतात. आज आम्ही जो इतिहास आपल्यापुढे मांडणार आहोत, तो २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद अशा जमिनीच्या एका तुकड्यावर घडलेला आहे. हे खो-खोचे मैदान होय. आपल्या धाराशिव जिल्ह्याचे नाव बाहेर दोन कारणांनी निघत आले आहे. एक तुळजापूरची भवानी आणि दुसरे पाठीला लागलेला दुष्काळ. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीला खो-खोचे नाव घेतले जाऊ लागले आहे, आणि ते आपल्या मुलींनी मिळवले आहे. ही गोष्ट अभिमानाची खरीच. पण नुसता अभिमान बाळगून भागत नाही. अटीतटीच्या सामन्यात एखादा संघ उभा राहतो आणि दुसरा ढासळतो, हे कशाने होते, आणि त्यात शिकवणाऱ्याचा वाटा किती, हे आज आम्हाला तपासून पाहायचे आहे.

खेळ जुना आहे. किती जुना, या वादात आम्ही पडत नाही. पळणे आणि पाठलाग करणे हे माणसाला कोणी शिकवावे लागले नाही. परंतु नियम लिहिले गेले म्हणजे खेळाला इतिहास मिळतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधायला घेतले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ साली नियमांचे पुस्तक काढले. राष्ट्रीय अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्यास झाली. हे सारे घडत असताना आपला मुलूख कुठे होता? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निझामाच्या राज्यात होतो. सभा भरवायची तर परवानगी, आखाड्यावरही सरकारची नजर, अशा राज्यात चार माणसे एकत्र जमणे हीच मुळी मोठी गोष्ट होती. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. तेव्हा पुण्या-मुंबईच्या मागून निघालेला हा जिल्हा पुढे अर्जुन पुरस्कारापर्यंत कसा पोहोचला, हे कोडे साधे नाही.

ते सोडवायचे तर आधी खेळाची रचना नीट पाहिली पाहिजे. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ गडी मैदानात असतात. त्यांपैकी धावतो एक. बाकीचे आठ मधल्या पाटीवर आपापल्या चौकोनात बसलेले असतात, आणि तेही एकाआड एक, विरुद्ध दिशांना तोंड करून. धावणाऱ्याला मागे वळता येत नाही. त्याला मधली पाटी ओलांडून पलीकडेही जाता येत नाही. पळणाऱ्याला मात्र पाटी ओलांडायला, वळायला, हुलकावणी द्यायला पूर्ण मोकळीक. म्हणजे एकट्याच्या पायांवर विसंबणाऱ्याला हा खेळ हरवण्यासाठीच रचला आहे, असे म्हटले तरी चालेल. पळणारा पलीकडे गेला की त्याला गाठायला बसलेलाच गडी उठवावा लागतो. त्याच्या पाठीमागून, हात लावून आणि त्याच वेळी तोंडाने मोठ्याने म्हणून, खो द्यावा लागतो. खो मिळण्याआधी जो उठेल, त्याची चूक धरली जाते. आणि ज्याने खो दिला, त्याने काय करायचे? उठलेल्याच्या रिकाम्या जागेवर मुकाट्याने बसायचे.

श्रोतेहो, या शेवटच्या नियमाकडे आम्ही आपले लक्ष मुद्दाम वेधतो. आम्ही आयुष्य कामगारांच्या संघटनेत काढलेली माणसे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गेट-मीटिंगमध्ये जास्त झाले. संघटना कुठे फुटते हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. धावणारे पुष्कळ मिळतात. भाषण करणारेही मिळतात. आपली धाव संपली आहे हे ओळखून दुसऱ्याला उठवणारा आणि त्याच्या जागी बसणारा पुढारी दुर्मिळ असतो. तसाच दुर्मिळ असतो तो सभासद, जो महिनोन्महिने पाठमोरा बसून राहतो आणि हाक आली की त्याच क्षणी उठतो. खो-खोमध्ये बसलेला गडी रिकामा नसतो. त्याच्या मागे काय चालले आहे हे त्याला दिसत नाही, पण पायांचा आवाज त्याला कळला पाहिजे, टाच सैल आणि अंग तयार असले पाहिजे. तो अर्धा क्षण उशिरा उठला की पळणारा दोन पावले लांब गेलाच. संघाचा कणखरपणा म्हणून जे काही म्हणतात, ते या आठ पाठींमध्ये असते, असे आमचे मत आहे.

हा विचार आपल्याच मातीतल्या खेळापुरता आहे काय, हे पाहण्यासाठी थोडे दूर अमेरिकेला जाऊ. बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे काढला. त्या पहिल्या खेळातही एका बाजूला नऊच गडी होते. पुढे पाच ठरले. तिथे हा खेळ धंदेवाईक झाला, मोठमोठे संघ उभे राहिले, आणि हंगामाच्या अखेरीस निवडक संघांची बादफेरी खेळण्याची पद्धत पडली. तिला ते प्लेऑफ म्हणतात. अंतिम फेरीत तेच दोन संघ सात सामन्यांपर्यंत पुनःपुन्हा समोरासमोर येतात आणि जो चार जिंकेल तो विजेता. अशा झुंजीत चकवण्यासारखे काही उरत नाही. प्रतिपक्षाचा प्रत्येक डाव पाठ झालेला असतो. उरतात त्या सवयी. थकलेला माणूस नवे काही करत नाही, तो सवयीचे करतो. आणि सवय लावणे हेच शिकवणाऱ्याचे काम.

बोस्टनच्या सेल्टिक्स संघाने १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदे मिळवली. त्यांपैकी नऊ वेळा रेड ऑरबॅक हा त्यांचा प्रशिक्षक होता. त्याने एक अजब गोष्ट केली. आपल्या उत्तम गड्यांपैकी एकाला तो सामन्याच्या आरंभी बाकावर बसवी. समोरचे पाच दमू लागले की हा ताज्या दमाचा सहावा गडी मैदानात येई. फ्रँक रॅम्से आणि नंतर जॉन हॅवलिचेक यांनी हे काम मानाचे करून ठेवले. बसणे हा अपमान नसून डावाचा भाग आहे, हे तिथल्या प्रशिक्षकाला बुद्धीने शोधावे लागले. आपल्या खो-खोने ते नियमातच बांधून ठेवले आहे. त्याच संघाचा बिल रसेल हा कृष्णवर्णीय खेळाडू १९६६ साली ऑरबॅकच्या जागी प्रशिक्षक नेमला गेला आणि स्वतः खेळत असतानाच त्याने १९६८ व १९६९ ची अजिंक्यपदे संघाला मिळवून दिली. त्या देशात त्या काळी एका कृष्णवर्णीयाच्या हाती असा संघ देणे ही लहान गोष्ट नव्हती.

याच बोस्टनमध्ये १४ जानेवारी १९६४ रोजी घडलेली हकीगत आम्हाला फार मोलाची वाटते. सर्व संघांतील निवडक खेळाडूंचा प्रदर्शनी सामना होता. दूरचित्रवाणीवर तो देशभर दाखवला जाणार होता. खेळाडूंची संघटना १९५४ पासून होती, बॉब कूझी याने ती उभारली होती. पण निवृत्तिवेतनाची मागणी मालक वर्षानुवर्षे टोलवीत होते. त्या संध्याकाळी खेळाडूंनी कपडे बदलण्याच्या खोलीचे दार लावून घेतले आणि निवृत्तिवेतनाचे वचन मिळाल्याशिवाय मैदानात उतरणार नाही असे कळवले. संघटनेचा अध्यक्ष सेल्टिक्सचाच टॉम हाइनसन होता. एरवी एकमेकांना कोपराने ढुशा देणारे हे गडी त्या खोलीत एक झाले. वचन मिळाले, मगच सामना सुरू झाला. कणखरपणा म्हणजे खेळताना दात ओठ खाणे, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी त्या बंद दाराचा विचार करावा. आपल्यामागे बसलेल्याचे म्हातारपण आपल्या ताकदीच्या दिवसांत आठवणे, हा कणखरपणाच होय.

आता आपल्या जिल्ह्याकडे परत येऊ. सारिका काळे ही धाराशिवची मुलगी. वयाच्या तेराव्या वर्षी तिच्या मामाने तिला मैदानावर नेले. घरची परिस्थिती अशी की अनेक वर्षे दिवसाला एकच वेळचे जेवण मिळे आणि चांगलेचुंगले खाणे शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावर, हे तिने स्वतःच पुढे सांगितले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. आणि त्याच २०१६ साली घरच्या ओढाताणीने निराश होऊन तिने खेळ सोडण्याचा निश्चय केला होता. तिचे प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांनी तिची समजूत घातली आणि ती मैदानावर परतली. पुढे तिला क्रीडा अधिकाऱ्याची सरकारी नोकरी मिळाली, आणि २०२० साली अर्जुन पुरस्कार. १९९८ साली शोभा नारायण यांना तो मिळाल्यानंतर २२ वर्षांनी खो-खोच्या वाट्याला हा मान आला.

या हकीगतीत प्रशिक्षकाचे सर्वांत मोठे काम कोणते? सूर कसा मारावा, खांबावर गडी कसा धरावा, साखळीने कसे पळावे, हे तर त्याने शिकवायचेच. पण निर्णायक खो मैदानाबाहेर दिला गेला. खचून बसलेल्या मुलीच्या पाठीवर योग्य क्षणी हात पडला. सामना सुरू झाल्यावर खो-खोचा प्रशिक्षक फारसे काही करू शकत नाही. कोणाला कोणत्या चौकोनात बसवायचे, खांबाजवळ कोण, पळणाऱ्यांची पहिली तुकडी कोणती, हे त्याने ठरवलेले असते. त्यानंतर सारे काही त्याने आधीच्या शेकडो सकाळी काय पेरले यावर अवलंबून असते.

मात्र येथे आम्हाला एका गोड भ्रमाला विरोध केला पाहिजे. आपल्याकडे लोक फार लवकर म्हणू लागतात की गरिबीनेच या मुली कणखर झाल्या, उपासाने त्यांच्यात जिद्द आली. हे बोलणे ज्याचे पोट भरलेले आहे त्याचे असते. उपासाने जिद्द येत असती, तर आपल्या जिल्ह्यात पदकांच्या राशी पडल्या असत्या. दरवर्षी दसऱ्यानंतर आपल्या भागातून कोयते ऊसतोडीला निघतात; कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांच्या मुलींतही वाऱ्यासारखे पाय असणाऱ्या असतील. त्यांचे नाव कोणी ऐकले आहे काय? आईबाप फडात आणि पोर पालात, तर तिने सराव करायचा कुठे? एक सारिका उभी राहिली ती भुकेमुळे नव्हे. भूक असूनही मामा होता, शिकवणारा होता, मैदान होते आणि शेवटी नोकरी होती, म्हणून ती टिकली. यातला एक जरी आपल्या चौकोनात उशिरा उठला असता, तरी डाव गेला असता.

खो-खोही आता धंदेवाईक झाला आहे. २०२२ साली पुण्यात सहा संघांची अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. बादफेऱ्या आल्या, मॅट आली, दिव्यांचा झगमगाट आला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाज संघाला ४६-४५ असे एका गुणाने हरवले. अखेरच्या काही सेकंदांत सूरज लांडे याने सूर मारून गडी टिपला आणि सामना फिरला. छायाचित्रात तो हवेत दिसतो. त्याला त्या जागी आणून सोडणारे खो छायाचित्रात दिसत नाहीत. मग १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या विश्वचषकाचा निकाल लागला. भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० आणि पुरुषांनी नेपाळलाच ५४-३६ असे हरवले. प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखालील त्या महिला संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

आता हिशेब पाहा. या लीगचे पहिले दोन हंगाम झाले, ते पुरुषांच्याच संघांचे. ज्या जिल्ह्याने मुलींच्या बळावर नाव कमावले, त्या जिल्ह्यातील मुलींना त्या दोन हंगामांतील पैशाचा एक चौकोनही मिळाला नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के राखीव जागा आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण नोकरी खेळाच्या शेवटी येते आणि भाकरी खेळाच्या आरंभी लागते. म्हणून आमचे या सभेपुढे मागणे मोठे नाही. गावच्या शाळेचे मैदान मंडपांना आणि गाड्यांना देऊ नका. सरावाला येणाऱ्या पोरीला सकाळी दूध-भाकरी मिळते की नाही, एवढे विचारा. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृह असेल तर ते चालते की नुसते कागदावर आहे, हे जाऊन पाहा. आणि शिकवणाऱ्याला सत्काराच्या नारळाबरोबर त्याचे मानधनही वेळेवर द्या.

जिंकलेल्या संघाची मिरवणूक आपण काढतोच. आम्ही इतकेच सुचवतो की मिरवणुकीच्या आधी आपणही पाटीवर आहोत, हे ध्यानात घ्यावे. पाठलाग लांबचा आहे, धावणारी मुलगी आपल्या पाठीमागे येऊन पोहोचली आहे, आणि तिने दिलेला खो ऐकून उठणे आता आपल्याकडे आहे.