लेखनिक कोणी शोधायचा?

अंधांच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा शाळांपाशीच थांबतो. १९०२ साली मुंबईत ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली आणि माझ्या पिढीला मराठी पाठ्यपुस्तकं बोटांनी वाचता आली. हे फार मोठं काम आहे. पण महाविद्यालयात गेलो तेव्हा तिथे ना ब्रेलमधली पुस्तकं होती, ना ब्रेलमधली उत्तरपत्रिका तपासणारे परीक्षक. आमची पदवी अवलंबून राहिली ती लेखनिकावर. आम्ही त्याला ‘रायटर’ म्हणायचो.

ऐंशीच्या दशकात मी पुण्यात इतिहास घेऊन बी.ए. करत होतो. वर्गमित्र संध्याकाळी खोलीवर येऊन मोठ्याने वाचायचे आणि मी ब्रेलच्या पाटीवर स्टायलसने टिपणं टोचत राहायचो. टोचायचं उजवीकडून डावीकडे. कागद उलटला की डावीकडून वाचता येतं. वाचणाऱ्याला वाक्यावाक्याला थांबावं लागे, पण कुरकूर कोणी केली नाही. पुढे टेपरेकॉर्डर मिळाला, तेव्हा त्यांनी प्रकरणंच्या प्रकरणं कॅसेटवर वाचून दिली.

परीक्षेची गोष्ट वेगळी होती. लेखनिक आमच्याहून कमी शिकलेला हवा, अशी अट. त्याच्या शाळेचा दाखला, फोटो, मुख्याध्यापकांचं पत्र, केंद्रावरची परवानगी ही सगळी धावपळ परीक्षार्थीने करायची, आणि नेमकी त्याच दिवसांत त्या मुलाची वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असे. दुसऱ्या वर्षी मला नववीतला एक मुलगा मिळाला. गुणी, पण हात सावकाश. मी १९१९च्या सुधारणांवरचं उत्तर सांगत होतो. तो मध्येच थांबला आणि हळूच म्हणाला, “दादा, माँटेग्यू-चेम्सफर्ड कसं लिहायचं?” मी एकेक अक्षर फोडून सांगितलं. दोन ओळींनंतर ‘द्विदल राज्यपद्धती’ आली आणि तो पुन्हा थांबला. पर्यवेक्षक दारात उभे होते. आमची कुजबुज संशयास्पद वाटून ते जवळ आले आणि “मोठ्याने बोला” म्हणाले. शेवटचा प्रश्न मला येत होता, तरी सोडून द्यावा लागला.

त्या अटीमागे कॉपीची भीती होती. भीती खोटी म्हणत नाही, पण तिची किंमत प्रामाणिक विद्यार्थ्याने मोजली.

१९९५चा अपंग व्यक्ती कायदा मी पुढे मुद्दाम वाचून घेतला. त्याच्या कलम ३१ मध्ये स्पष्ट होतं की अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक पुरवणं हे शिक्षणसंस्थेचं काम आहे. विद्यार्थ्याने शोधून आणावा, असं त्यात कुठेही नव्हतं. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षं मुलं माझ्यासारखीच शाळांच्या पायऱ्या झिजवत राहिली. काही ठिकाणी मात्र मनापासून काम झालं. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र सुरू झालं आणि संगणकाच्या आवाजावर मुलं स्वतःची पुस्तकं स्वतः वाचू लागली.

फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या: लेखनिकाला शिक्षणाची वा वयाची अट घालू नका, त्याऐवजी पर्यवेक्षण कडक करा, दर तासाला किमान वीस मिनिटं जादा द्या, लेखनिकांची जिल्हावार यादी ठेवा. मला वाटतं, या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा कागद हाच. पण २०१८ मध्ये सूचना बदलल्या आणि स्वतःचा लेखनिक आणणाऱ्यासाठी ‘एक पायरी कमी’ची अट परत आली. २०२१ साली विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नसलं, तरी ज्याला लिहिताच येत नाही त्याला लेखनिक नाकारता येणार नाही. विकास कुमार अंध नव्हते. लिहिताना त्यांच्या हातात पेटके येत.

२०१६च्या अपंग व्यक्ती कायद्यानेही जादा वेळ आणि लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. तेव्हा प्राचार्यांना माझं सांगणं आहे की जूनमध्ये प्रवेश देतानाच लेखनिकांची यादी तयार ठेवा, परीक्षेच्या आदल्या आठवड्याची वाट पाहू नका. आणि वाचकहो, तुमचं अक्षर सुवाच्य असेल, सकाळचे चार तास मोकळे असतील, तर जवळच्या महाविद्यालयात जाऊन त्या यादीत आपलं नाव लिहून या.